फाल्गुनातला पावागड

फाल्गुन लागला, की बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरांवरील पावागड मुलांना खुणावू लागतो. यंदा पायथ्याशी, चांपानेरला, उतरलो. महमूद बेगड्याने १४८४ साली जिंकलेली ही नगरी २००४ मध्ये जागतिक वारसा ठरली. परंतु मुलांची दृष्टी खिळली ती फुललेल्या रानावर.

"केसूडो!" धाकटी आनंदाने ओरडली.

"अगं, हा आपला पळस," आजी किंचित खिन्न होऊन म्हणाल्या. "कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच!"

मुलांनी पाहिले, तो झाडावर एकही पान नव्हते. अखेर पाचोळ्यात तीन पानांचा एक वाळका देठ गवसला.

गळलेली फुले धुळवडीच्या रंगासाठी वेचून आणली. रात्री ती भिजत घालताना धाकटी आजींना म्हणाली, "पळसाचा रंग उद्या शेजारी देऊ या; त्यांना केसूडो म्हणून सांगेन."

आजी हसल्या.