स्वमत कोणाचं?

शेजारची दहावीतली मुलगी आज संध्याकाळी मराठीच्या ‘कुमारभारती’ पाठ्यपुस्तकाचा सराव करायला आली.  मार्च २०१९पासून दहावीला मराठीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका असते. आमच्या वेळी उताऱ्यातलं वाक्य शोधून उतरवलं की गुण मिळत. आता चौकटी, आकृतिबंध आणि शेवटी स्वमत. बोर्ड मुलांना ‘तुला काय वाटतं’ विचारतं, याचं मला फार अप्रूप! पण तिच्या गाईडमध्ये स्वमतही तयार छापलेलं, आणि ती तेच घोकत होती. गाईड बाजूला ठेवून तिला बोलतं केलं. धड्याच्या लेखकाचं म्हणणं तिला मुळीच पटलेलं नव्हतं. कारणंही तिच्याकडे होती. तेच लिही, म्हटलं. असं ओबडधोबड, पण स्वतःचं उत्तर तपासणाऱ्यांनी उचलून धरायलाच हवं.