ओतूर : दगडांमधील चुना
कल्याणकडून माळशेज घाट चढून आले की पुढे मांडवी नदीकाठी ओतूर लागते. कपर्दिकेश्वराचे मंदिर व तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी येथे आहे.

जुन्या दगडी वास्तूंचे आयुष्य सांध्यांतील चुन्यावर अवलंबून असते. घाणीत मळलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. पावसाळ्यात तो पाणी पितो, कोरड्या ऋतूत सोडतो. त्या फेऱ्यांत क्षारांचे स्फटिक बनून त्याचा भुगा होतो. वरून सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आतच कोंडते आणि दगडही झिजतो. चुना झिजला तर पुन्हा भरता येतो. दगड भरता येत नाही. जीर्णोद्धारास दान देणाऱ्यांनी रकमेबरोबर चुन्याचाही आग्रह धरावा.