जळकोटच्या वाटेवरील आसरा

सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्यानें निघालें, कीं नळदुर्गाचा किल्ला मागें टाकून उमरग्याकडे जातांना जळकोट लागतें. नांवांतच जळ आहे. पण उन्हाळ्यांत या मुलखांत जळासारखी दुर्मिळ वस्तु दुसरी नाहीं. पाण्याची मौज पाहावयाची असेल त्यानें पावसाळ्यांत आधीं नळदुर्गास उतरावें. बोरी नदीला बांध घालून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दींत उभारलेला पाणीमहाल तेथें आहे. नदीस पूर आला म्हणजे बांधावरून दोन धारा कोसळतात. त्यांस लोक नर व मादी म्हणतात.

अशा कोरड्या प्रदेशांत पाणी कोणाचें, हा प्रश्न बायकांनीं केव्हांच सोडवून ठेविला आहे. पाणी आसरांचें! देशावर कोठेंहि विहिरीच्या वा ओढ्याच्या कांठीं शेंदूर माखलेले सात दगड ओळीनें दिसले, कीं त्या साती आसरा समजाव्या. पुष्कळदां जवळच म्हसोबा राखणीस बसलेला असतो.

आसरा म्हणजे अप्सरा. इंद्रसभेंतील नाचाच्या मुलाम्यामुळें आपण विसरतों, पण मूळची अप्सरा पाण्यांतलीच. निरुक्तकार यास्कानें त्या शब्दाचा संबंध पाण्याशीं जोडला आहे, आणि शतपथ ब्राह्मणांत उर्वशी व तिच्या सख्या जलपक्ष्यांचीं रूपें घेऊन सरोवरांत पोहतांना पुरूरव्यास भेटतात. युरोपांतील हंसकन्यांच्या गोष्टी वाचणारास हें चित्र परकें वाटणार नाहीं. ‘परी’ हा आपला लाडका शब्द मात्र फारशींतून आलेला. अवेस्तेंतील ‘पैरिका’ ही दुष्ट मायाविनी होती. पुढें इराणी कवींच्या हातीं ती सुंदर झाली. हैदराबाद संस्थानांत १९४८ पर्यंत उर्दूचें राज्य असलेल्या या भागांत परी व आसरा शेजारीं नांदल्या, यांत नवल तें काय?

परंतु आसरेला पंख नाहींत, जादूची कांडी नाहीं. तिची कुळी रशियांतील रुसाल्केची. रुसाल्का ही पुष्कळदां बुडून मेलेली तरुणी असते. आणि एन्थोवेन यांनीं १९२४ सालीं मुंबई इलाख्यांतील लोकसमजुतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि आसरा म्हणजे पाण्यांत जीव दिलेल्या तरुण स्त्रिया, अशी समजूत नोंदलेली आहे. येथें परीकथा संपते. विहीर जवळ करणाऱ्या सुना कोणत्या घरांतून निघाल्या, हें गांव बहुधा जाणून असे. उघडपणें बोलत मात्र नसे. जिला जिवंतपणीं कोणी विचारलें नाहीं, तिला मेल्यावर शेंदूर लावला. वाहावयाचें तें काय? खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभात. माहेरीं आलेल्या लेकीचेंच हें कौतुक. फक्त उशीरा पोहोंचलेलें.

आसरा ओल्या बाळंतिणीस व तान्ह्या मुलास धरतात, ही समजूत सर्वांत खोल रुजलेली. तिला सरसकट हंसणें मला पटत नाहीं. तिच्यामुळें नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला विहिरीवर जाण्यापासून चार दिवस सूट मिळत असेल, तर ती सूट सासूबाईंच्या दयेवर सोंपविण्यापेक्षां आसरांच्या धाकावर सोंपविलेली बरी! पण बाळंतिणीस ताप भरला असतांना नैवेद्य दाखवून वाट पाहत बसणें प्राणघातक आहे. तो ताप पुष्कळदां जंतूंचा असतो, आणि त्यावर औषध आहे. अशा वेळीं आधीं दवाखाना गांठावा, दहीभात मागाहून न्यावा. आसरा काहीं त्यासाठीं रुसावयाच्या नाहींत.