पाल शोधा!

परवा नातवाने कॅनडातून एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ, "आजी, यात पाल शोध." शेवाळलेलं खोड, दुसरं काही नाही. चष्मा पुसला, फोटो मोठा केला, सूनबाईला दाखवला. शेवटी त्यानेच फोनवर सांगितलं, "मधोमध आहे गं, डोकं खाली करून." तेव्हा कुठे डोळा दिसला!

मादागास्करच्या पावसाळी जंगलातली पाल ही. अंगाच्या कडेला कातडीची झालर असते. ती खोडाला चिकटवली की सावलीची रेघही उरत नाही. स्वारीला तशी एक विकत घेऊन पाळायची आहे. झालं, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. २००४ साली या जातकुळीच्या सगळ्या पाली 'साइटिस' करारात घेतल्या, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर विकता येत नाहीत. पण परवाना असला तरी पाल पुष्कळदा जंगलातूनच धरलेली असते, आणि ते जंगल तोडून-जाळून आक्रसत चाललंय.

मी काही पालींची कैवारी नव्हे. १९८४ची गोष्ट. आमच्या रोहिणखेडला शाळेतल्या लिंबाखाली चौथीचा वर्ग बसला होता. वरून पाल एका मुलीच्या खांद्यावर पडली. घरोघरी पंचांगात पल्लीपतनाचं फळ बघणारी माणसं. पोरगी रडायलाच लागली. पाल परत खोडावर चढली आणि सालीत मिसळून गेली. हलली नसती तर सापडली नसती. मीच एका मुलाच्या हातात पट्टी देऊन म्हटलं, मार. शेपूट वेगळी वळवळत राहिली. "बाई, ते इखारी होती का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. विज्ञान मीच शिकवत होते! आपल्याकडची एकही पाल विषारी नसते.

२०१५ मध्ये आम्ही कासला फुलं पाहायला गेलो होतो. तिथल्या खडकांवरच्या एका चिमुकल्या, दिवसा फिरणाऱ्या पालीला आदल्याच वर्षी अभ्यासक वरद गिरींवरून 'नेमास्पिस गिरी' असं नाव मिळालं होतं, हे मला फार नंतर कळलं. दगडाच्याच रंगाची. तिच्या शेजारी बसून आम्ही डबाही खाल्ला असेल! अशा पालींचा मुलूखच इवलासा. तेवढे खडक फोडले की त्यांनी जायचं कुठे?

नातवाला लिंबाची गोष्ट सांगितली. म्हटलं, आधी विचार, पिंजऱ्यात जन्मली की जंगलातून आणली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, तो मुलगा आता काय करतो?"

इथेच शेती करतो. आजोबा झालाय. भेटला की अजून 'बाई' म्हणून वाकतो. त्याला खरं सांगायचं राहिलंच आहे.