मासींची वही

नंदेसरीत जीआयडीसीच्या मागे आमची भाड्याची खोली होती आणि समोर मासींचं किराणा दुकान. मी बडोद्यातल्या दांडिया बाजारातली मराठी, त्या चरोतरच्या गुजराती. नातं उधारीचं.

लग्नानंतर नवऱ्याने आधी माझी नोकरी सोडवली, मग मोबाइल स्वतःकडे ठेवला. माहेरी जाऊन आले की रिक्षाच्या सुट्ट्या पैशांचा हिशेब. आई म्हणायची, ‘काळजी करतो गं.’ हात उठला तो वर्षभराने. तिसऱ्या दिवशी शेवउसळ घेऊन आला, रडला, पाया पडला. मी विरघळले. पुढच्या खेपेला मीठ जास्त झालं होतं, त्यापुढे दार उघडायला उशीर. दर वेळी कारण वेगळं, म्हणून मला भांडणही वेगळं वाटे. आणि दर वेळी शेवउसळ यायचीच.

एका दुपारी तेल आणायला गेले, तर मासींनी वही माझ्यापुढे सरकवली. माझ्या खात्यात तेल-साखरेच्या शेजारी, काही तारखांपुढे पेन्सिलीच्या फुल्या. अकरा. ज्या रात्री आवाज आला, त्या रात्रीची फुली. सुरुवातीला दोन फुल्यांत दोन महिने, मग एक, शेवटी नऊ दिवस. मीठ, उशीर यांचा त्या पानावर मागमूस नव्हता.

त्यांच्याच फोनवरून १८१ लावला. महिलांच्या मदतीची ही ‘अभयम’ सेवा २०१५ पासून गुजरातभर आहे. गाडीतून आलेल्या समुपदेशक बाईंनी समजावलं, की २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसारखंच पैसे अडवणं, पाणउतारा करणं हीसुद्धा हिंसाच. म्हणजे पहिल्या थपडेआधीचं ते वर्षही मोजायला हवं होतं. सयाजीरावांनी १९३१ साली बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, हे आजोबा अभिमानाने सांगत. पण कायद्याचं दार माझ्या घरापासून कुठल्या वाटेने लागतं, ते एका किराणा दुकानवाल्या बाईने दाखवलं.

पुढे कमावती झाल्यावर राहिलेले ३४० रुपये द्यायला गेले. मासींनी नोटा दोनदा मोजल्या, तेल-साखरेवर काट मारली. फुल्यांना हात लावला नाही. वही आठवण म्हणून मागितली, तर म्हणाल्या, “ना बेटा, हजी पानां कोरां छे.”

आमच्या जुन्या खोलीत नवं जोडपं राहायला आलं होतं.