आधी मोल, मग देवता

रोमन कांस्य नाण्यांवरच्या चित्रांत आपण फार लवकर राजकारण शोधायला लागतो. देवी दिसली की सम्राटाचा डौल, गरुड दिसला की साम्राज्याची सत्ता. नाणी ओळखण्याचे काम करणाऱ्याने मात्र आधी विचारावे, की हे चित्र बाजारात कोणत्या कामी येत होते? प्रजासत्ताकाच्या काळात ‘आस’ या नाण्यावर दोन तोंडांचा जेनस असे, त्याच्या अर्ध्यावर सॅटर्न, तिसऱ्या हिश्श्यावर मिनर्व्हा, चौथ्यावर हर्क्युलिस. मागच्या बाजूला सर्वांवर जहाजाची नाळ. आसचे बारा अंश मानत, म्हणून मिनर्व्हाजवळ चार ठिपके आणि हर्क्युलिसजवळ तीन. ज्याला अक्षर लागत नव्हते, त्यालाही देव आणि ठिपके मोल सांगत. ऑगस्टसच्या सुधारणेनंतर आस तांब्याचा आणि दोन आसांचा डुपोंडियस पितळेचा झाला. आकार जवळजवळ सारखाच, रंगावरून फरक कळे. नीरोच्या काळापासून डुपोंडियसवरच्या सम्राटाला सूर्यकिरणांचा मुकुट मिळू लागला आणि पुढे तो नेमच झाला. किरण देवत्वाचे खरे, पण गिऱ्हाइकाला ते ‘दोन आस’ एवढेच सांगत असणार. आज दोन्ही धातूंवर हिरवा थर चढतो, रंग लपतो, आणि आम्हीही त्याच मुकुटावर विसंबतो.

यावर कोणी इ.स. 71 मधली सम्राट व्हेस्पेशियनची ‘जिंकलेला जुडिया’ नाणी पुढे करील. खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री कोणते मोल सांगते? काहीच नाही, तो उघड विजयाचा डंका आहे. पण त्या मालिकेतले सेस्टर्शियस हे मोठे नाणे सुमारे 25 ग्रॅमचे. त्याचे मोल वजन आणि आकारच सांगत होते, म्हणूनच मागची बाजू बातमीसाठी मोकळी झाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी 1956 मध्ये शंका घेतली, की ही चित्रे लोक खरोखर न्याहाळत होते का? पण पाचव्या शतकाच्या सुमारास रोमन लेखक मॅक्रोबियस लिहितो, की मुले नाणे उडवून ‘डोकी की जहाजे’ असे ओरडतात. नाळेची नाणी तोवर केव्हाच बंद पडली होती. म्हणजे लोक पाहत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या न बदललेली खूणच त्यांच्या जिभेवर टिकली. सम्राटांच्या बदलत्या देवींना एवढे भाग्य लाभल्याचा असा पुरावा मला दिसत नाही.

संग्रहालयात या नाण्यांची माहिती लिहिणाऱ्यांना म्हणून एक विनंती: देवीच्या नावाआधी धातू, वजन आणि मोल लिहा.