हे मेजा!

माला, माले, मालाः… संस्कृतच्या तासाला सूर धरून घोकलेली ही रूपं अजून जिभेवर आहेत. लॅटिन शिकणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी असाच एक शब्द घोकला: मेन्सा, म्हणजे मेज. आपल्या ‘माला’सारखाच आकारान्त स्त्रीलिंगी. लहानग्या विन्स्टन चर्चिललाही शाळेत हाच शब्द पाठ करायला दिला होता. संबोधनापाशी तो अडला. ‘हे मेजा’ असं कशाला म्हणायचं? मेजाशी बोलायचं असेल तेव्हा, असं मास्तरांनी सांगितलं. मी तर कधीच बोलत नाही, असं तो म्हणाला आणि कडक शिक्षेची तंबी घेऊन बसला. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी हे लिहिलं आहे. मला मात्र ते संबोधन फार आवडतं. दसऱ्याला अवजारांना हळदकुंकू वाहणारी आपण माणसं; मेजाला हाक मारताना आपल्याला अवघडल्यासारखं का व्हावं?

मेन्सा हा शब्द ‘मोजणे’ या अर्थाच्या धातूवरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या धातूचं गोत्र आपल्या ‘माप’ आणि ‘मात्रा’चंच. म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचं मोजून ठेवायची ती जागा. मग जेवणालाच मेन्सा म्हणू लागले. ‘दुसरी मेन्सा’ म्हणजे शेवटची फळं नि गोडधोड. सराफ ज्यावर नाणी मोजी तेही मेन्सा, आणि चर्चमधल्या वेदीचा वरचा सपाट दगडही मेन्साच. जर्मनीत विद्यापीठाच्या खाणावळीला आजही हेच नाव आहे. पुण्यामुंबईहून शिकायला गेलेली मुलं तिथं ट्रे घेऊन रांगेत उभी राहतात.

रोममध्ये मेजांचा षोकही मोठा. सिसेरोने एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स मोजल्याचं थोरल्या प्लिनीने नोंदवलं आहे. पण माझ्या मनात घर केलंय ते ओव्हिडच्या काव्यातल्या एका गरीब मेजाने. ज्युपिटर आणि मर्क्युरी माणसाच्या वेषात दारोदार फिरत होते आणि प्रत्येक घराने दार लावून घेतलं होतं. बाउकिस आणि फिलेमॉन या म्हाताऱ्या जोडप्याने तेवढं त्यांना आत घेतलं. त्यांच्या मेजाला तीन पाय, त्यातला एक आखूड. बाउकिसने थरथरत्या हातांनी त्या पायाखाली खापराचा तुकडा सरकवला, मेज डुगडुगायचं थांबलं, तसं तिनं ते हिरव्या पुदिन्यानं पुसून घेतलं. देव जेवले ते या मेजावर.

याच शब्दाला ‘सह’ अर्थाचा उपसर्ग लागून ‘कॉमेन्सालिस’ झाला: एका मेजावर जेवणारा. समाजशास्त्रज्ञांचा ‘कॉमेन्सॅलिटी’ हा शब्द त्यातूनच आला. आपण त्याला रोटीव्यवहार म्हणतो, आणि त्या शब्दात आपल्या समाजाची केवढी तरी वेदना साठलेली आहे. कोणी कुणाच्या पंक्तीला बसायचं नाही, कुणाच्या हातचं पाणीही चालायचं नाही. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की नुसत्या सहभोजनाने जात जाणार नाही, त्यासाठी आंतरजातीय विवाहच हवेत. ते खरंच होतं. पण जिथं एका पंगतीला बसणंही जड जातं, तिथं सोयरीक कुठून जुळणार?

म्हणून मेजाचं माप लाकडावरून घेऊ नये. त्याच्याभोवती कोण कोण बसू शकतं, यावरून घ्यावं. जेवणाच्या वेळी कुणी दारात आलं तर जात, गाव, आडनाव न विचारता ‘या, बसा’ म्हणा. मेज डुगडुगत असेल, तर पायाखाली एक खापरी सरकवा.